पालखीतली सखी

कादंबरीत पात्रं किती प्रकारची असतात आणि कोणतं पात्र कशाच्या कामाचं, हे मला कुठल्या शाळेत शिकवलं नाही. ते मी बडोद्याला, नागरवाड्यातल्या आमच्या ओसरीवर, खलपुरुष होऊन शिकले. कपाळाला ठसठशीत कुंकू, डोक्यावर पदर, आणि तोंडी असले शब्द की माहेरी ते उच्चारले असते तर आईनं जीभ डागली असती. रोज दुपारी जेवणं आटोपली, उष्टी निघाली, की मी दुष्ट व्हायची. चहाच्या वेळेला पुन्हा सून.

हे कसं झालं ते आधी सांगते, नाहीतर वाटायचं म्हातारीला चळ लागला.

महाराजांनी राज्यभर वाचनालयं काढली होती, आणि जिथं वाचनालय पोचत नसे तिथं पुस्तकांची पेटी जायची. लाकडी, कुलूपवाली, आत निवडून भरलेली पुस्तकं. बायकांसाठी वेगळ्या पेट्या. ज्या घरी पेटी उतरेल तिथं शेजारपाजारच्या बायकांनी जमायचं, वाचायचं, सगळी वाचून झाली की पेटी परत आणि दुसरी हजर. आमचे मामंजी, म्हणजे सासरे, हुजूर कचेरीत कामाला. वरच्या साहेबांनी त्यांना सहज विचारलं, तुमच्याकडे कशी नाही पेटी? झालं. मामंजी घरी आले आणि पगडी खुंटीला लावायच्या आधी त्यांनी जाहीर केलं की उद्यापासून आपल्या घरच्या बायका वाचणार. त्या काळी बडोद्यात सगळं हुकमानं व्हायचं. स्त्रीशिक्षण आमच्या घरात शिरलं तेही हुकमानंच, आणि शिरलं ते ओसरीपर्यंत. स्वयंपाकघरात त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

मामंजी सुधारक होते. सभेत उभे राहिले की असं बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या घरी बायका सिंहासनावर बसत असतील. महाराज विलायतेला गेले की मामंजींची सुधारणाही हवापालटाला जायची, आणि महाराज परतले की स्टेशनावरून तीही त्यांच्याबरोबर घरी यायची. माणूस वाईट नव्हता. घरातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांचं एकच ठरलेलं उत्तर असे, "आईला विचार." आई म्हणजे माझ्या सासूबाई.

बायका जमल्या खऱ्या, पण वाचणार कोण? सासूबाईंना अक्षरओळख होती, पण ओळ संपेपर्यंत डोळा लागायचा. समोरच्या मोठ्या बाई, म्हणजे सुभ्यांच्या कचेरीतल्या बड्या अंमलदारांचं कुटुंब, त्यांना वाचता येत होतं, पण चष्म्यानं वय दिसतं म्हणून त्या चष्माच लावत नसत. कोपऱ्यावरच्या घरातल्या बा गुजराती. मराठी त्यांना सगळं कळायचं, बोलायच्याही, पण आमची लिपी लागत नव्हती. राहिलो वन्सं आणि मी.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न झालं तेव्हा लहान, आणि परत आल्या तेव्हाही लहानच. नवऱ्याचा चेहरा धड आठवत नाही, असं त्यांनी एकदा मला शेंगा सोलताना सांगितलं होतं. आमच्या घरी त्यांचे केस काढले नाहीत, लाल अलवण नेसवलं नाही, सुधारकांचं घर ना. फक्त हळदीकुंकवाच्या दिवशी त्या माजघरात असायच्या, आणि बाहेर बायकांच्या हातावर पडणारी खिरापत त्यांनी केलेली असायची. मामंजींनी त्यांना मास्तरणीचं शिक्षणसुद्धा दिलं होतं. महाराजांच्या राज्यात कचेरीतल्या माणसानं विधवा मुलीला शिकवू नये, हे बरं दिसलं नसतं. वन्सं शिकल्या, परीक्षा पास झाल्या, मामंजींनी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून वन्सं पुन्हा चुलीपुढं.

त्या उन्हाळ्यात शाळातपासणीच्या बाई घरी आल्या आणि सांगून गेल्या की बडोद्याजवळच्या सावली गावाला मुलींच्या शाळेत जागा रिकामी आहे. राहायला शाळेच्या मागंच खोली आहे, वहिवाटदारांचं, म्हणजे तिथल्या मामलेदारांचं, घर दोन पावलांवर, तेव्हा काळजीचं कारण नाही. सुट्टी संपायच्या आत होय की नाही तेवढं कळवा. वन्संना जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्यांनी ते दोनदा बोलून दाखवलं, आणि ही बाई स्वतःसाठी कुठली गोष्ट एकदासुद्धा बोलून दाखवत नसे. मामंजी म्हणाले, आईला विचार. सासूबाई म्हणाल्या, शिकली ते शिकली, नोकरी कशाला, हिला इथं काय कमी आहे? आणि मग खरं कारणही त्यांनी सांगून टाकलं, कारण त्या खोटं बोलायच्या नाहीत. ही गेली तर माझं कोण बघणार?

मी होते की. पण सासूबाईंच्या मते मी घाटावरून आलेली, माझ्या हातचं वरण तिखट, आणि माझा स्वभाव वरणापेक्षा तिखट. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

तर वाचन. पुस्तक एकच असायचं आणि ते वन्संच्या हातात. कथेचा भाग वन्सं वाचायच्या. संवाद आला की ज्याचं पात्र असेल त्या बाईला वन्सं हळू आवाजात वाक्य सांगायच्या, आणि ती बाई ते मोठ्यानं, हातवारे करून म्हणायची. असली मजा कुठल्या नाटकगृहात नव्हती. पण पात्रं वाटायची कशी? कुठल्याही शहाण्या माणसानं आवाज बघून वाटली असती, वय बघून वाटली असती. आमच्याकडे ती मान बघून वाटली जात. सासूबाई यजमानीण, म्हणून नायिका त्यांची. ती षोडशवर्षा असो, नाजूक असो, वाऱ्यानं उडून जाईल अशी असो. सासूबाईंच्या वजनानं झोपाळ्याच्या कड्या कुरकुरायच्या, पण नायिका त्यांचीच. दुसरा मान मोठ्या बाईंचा, म्हणून त्या नायक. बा गुजराती, पाहुण्या, आणि येताना नेहमी काहीतरी खायला घेऊन यायच्या, म्हणून विदूषक त्यांच्याकडे गेला. मी सगळ्यांत धाकटी सून. जे पात्र कुणाही घरंदाज बाईला नको असेल ते माझ्या पदरात. आणि वन्सं सखी. ते कुणी ठरवलंसुद्धा नाही. त्या सखीच होत्या.

पहिल्या दिवशी मला रडू येईल असं सगळ्यांना वाटलं होतं. मी काय सांगू, मला स्वर्ग दोन बोटं उरला. भर दुपारी, चार साक्षीदारांसमोर, सासूच्या पुढ्यात उभं राहून "तुझा तोरा मी उतरवल्याशिवाय राहणार नाही" असं ओरडायला कुठल्या सुनेला मिळतं? वर सासूनं म्हणायचं, छान म्हटलंस हो. उलट सासूबाईही कच्च्या नव्हत्या. त्या दिवशी माझी भाजी करपलेली असली की त्यांचा "अरे नराधमा" पार बेंबीच्या देठापासून यायचा.

ही खलपुरुषाची जात मला तेव्हापासून आवडते. कादंबरीत सगळं काम हाच करतो हो. मुली पळवतो, प्रवास करतो, कारस्थानं रचतो, रात्रंदिवस डोकं चालवतो. नायकाचं काम काय, तर उशिरा येणं. आमचा नायक तर अंगणातूनच यायचा आणि तरी उशिरा यायचा, कारण मोठ्या बाईंना वामकुक्षी लागे. आल्या की पानाची पेटी उघडून सुपारी कातरत त्या नायिकेला "चंद्रवदने" म्हणायच्या आणि नायिका झोपाळ्यावरून पायाचा अंगठा टेकून लाजायची. नायिकेचं काम सोसणं आणि सोसताना सुंदर दिसणं. सासूबाईंना सोसायची सवय नव्हती, त्यामुळे त्या सोसतानासुद्धा हुकूम सोडत. विदूषकानं खायला मागायचं. आमच्या बा मागायच्या नाहीत, वाटायच्या, आणि नायिकेवर प्राणसंकट आलेलं असताना मधेच खरपूस हांडव्याची वडी पुढं करून विचारायच्या, बेन, हांडवो थोडो लेशो? म्हणजे लेखकानं विदूषकाला जे काम दिलं तेच त्या करत होत्या, फक्त पोटभर.

आणि सखी. सखी नेहमी दारातून आत येते आणि दारातून बाहेर जाते. नायिकेला निरोप आणून देते, नायिकेचं मन ओळखते, पंख्यानं वारा घालते, नायिका बेशुद्ध पडली की पाणी शिंपडते. स्वतः कधी बेशुद्ध पडत नाही, तिला तेवढी सवड नसते. तिचं लग्न झालंय का, तिला आईबाप आहेत का, तिला गोड काय आवडतं, कुठल्याच लेखकाला ठाऊक नाही. वन्सं बसायच्याही दाराशीच, कारण आत चुलीवर दूध असायचं. कथा रंगात आली की त्या पुस्तक उपडं ठेवून उठायच्या आणि सगळी कादंबरी खोळंबायची. मोठ्या बाई विचारायच्या, सखी कुठं गेली? सासूबाई म्हणायच्या, दूध बघायला गेलीय, येईल. त्या यायच्या आणि कथा पुढं चालू.

सासूबाईंची एक खोड सांगायची राहिली, आणि ती महत्त्वाची आहे. त्यांना लेखकाचं लिहिणं पुरायचं नाही. त्या पदरचं घालायच्या. लेखकानं लिहिलं असेल की नायिका उद्यानात फिरत होती, तर सासूबाईंची नायिका फिरता फिरता माळ्याला झापायची. लेखकानं तिला साधी मोत्यांची माळ दिली, तर त्या वर हिऱ्याच्या कुड्या चढवायच्या आणि त्या कुड्या कुठल्या सोनाराकडून घडवल्या तेही सांगायच्या. एकदा नायिका विरहानं अन्न सोडते असं होतं, तेव्हा त्यांनी तिच्या तोंडी घातलं की दूधभात तेवढा घेईन. वन्सं पुस्तकात बोट धरून शांतपणे थांबायच्या. आईचं पदरचं संपलं की लेखक पुन्हा सुरू.

त्या उन्हाळ्यातल्या पेटीत एक जाडजूड कादंबरी निघाली. संस्थानिकाची मुलगी, तिचा वेष पालटून राहिलेला प्रियकर, आणि दिवाणाचा उनाड भाचा. भाचा अर्थात मी. या भाच्यानं म्हणजे मी बेत रचला की नायिका देवदर्शनाहून परतताना तिची पालखी वाटेतच उचलून माझ्या किल्ल्यावर न्यायची. बेत फक्कड होता. पण सखीला तो कळतो. ती नायिकेला म्हणते, बाईसाहेब, तुमचा शालू मला द्या, मी तुमच्या पालखीत बसते, तुम्ही मागच्या वाटेनं निघून जा. वन्संनी आपलं वाक्य वाचलं, एरवी वाचायच्या तसंच, भाजी निवडल्यासारखं. मग त्यांनी सासूबाईंना त्यांचं वाक्य सांगितलं आणि सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावून ते म्हटलं, "सखे, तुझे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही." त्यावर पदरचं म्हणून शालूचा रंग, काठ आणि किंमत. मग माझी माणसं पालखी घेऊन निघाली आणि मी असं हसले की रस्त्यावरून जाणाऱ्या एका गृहस्थानं ओसरीवर डोकावून पाहिलं.

पुढं कादंबरी भलतीकडेच धावली. नायिका आश्रमात, नायक रणांगणावर, मधे एक साधू येऊन सांगतो की नायक खरा राजपुत्र. आम्ही वाचत राहिलो, बा वाढत राहिल्या. घरात वन्संचा विषय निघाला की सासूबाई "बघू" म्हणायच्या. आमच्या घरच्या "बघू"चा अर्थ मला सासरी आल्या आल्या कळला होता. सुट्टी सरत आली. तपासणीच्या बाईंनी निरोप पाठवला की उद्या सकाळी शिपाई येईल, त्याच्याजवळ काय ते उत्तर द्या. वन्संनी तो निरोप आईला सांगितला. सासूबाई म्हणाल्या, शिपायाला म्हणावं, जमायचं नाही. आणि आज शेवटची प्रकरणं आहेत ना, लवकर आटपा सगळं.

मला भयंकर राग आला. मी परातीत कणीक अशी आपटली की सासूबाईंनी बाहेरून विचारलं, काय पडलं? वन्सं मला एवढंच म्हणाल्या, वहिनी, कणीक सैल होईल. मला त्यांचाही राग आला. इतकं शिकून, इतकं हवं असून, या बाईच्या तोंडातून हूं की चूं निघू नये?

त्या दुपारी मी मेले. किल्ल्याच्या तटावरून, नायकाच्या तलवारीनं, आणि मरताना मी मुळीच घाई केली नाही. मोठ्या बाईंना तलवार म्हणून त्यांचा अडकित्ता पुरला. मग लग्न लागलं. सासूबाईंनी स्वतःच्या लग्नात पक्वान्नं पदरची घातली, बांनी श्रीखंडात केशर कमी पडतं असं सुचवलं, आणि नायक-नायिका सुखानं नांदू लागले. वन्संनी शेवटची ओळ वाचली. सासूबाईंनी समाधानानं झोपाळ्याला एक झोका दिला आणि म्हणाल्या, चल, चहा टाक गं.

वन्सं उठल्या नाहीत.

"आणि सखी?" त्यांनी विचारलं.

"कोण सखी?" सासूबाई म्हणाल्या.

"पालखीत बसलेली."

 खरंच की. तिला किल्ल्यावर नेलं, आणि पुढं? मोठ्या बाईंना तो नायकाचा अपमान वाटला. त्यांनी सांगितलं की एवढं मोठं युद्ध केलं मी, त्यात सुटलीच असेल ती. बा कपाळावर हात मारून म्हणाल्या, लखनारो तो भूली गयो, लिहिणाराच विसरला. मग साऱ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, की पळवलीस तू, तेव्हा सांग तू. मी म्हटलं, मला कशाला विचारता, मी मेलेय. त्यावर हशा झाला, आणि मला वाटलं विषय संपला. सासूबाईंनी निकालही देऊन टाकला. असेल इथंच, राजवाड्यात, माझ्याजवळ. ती जाणार कुठं?

"नाही आई," वन्सं म्हणाल्या. आवाज तोच, भाजी निवडल्यासारखा, पण त्या थांबल्या नाहीत. "मी वाचलंय सगळं. ती लग्नात नाही, पंगतीत नाही. तू तिला शालू दिलास, ती तुझ्या जागी पालखीत बसली. त्यानंतर तू एकदाही तिचं नाव काढलं नाहीस."

"अगं, लेखकानंच काढलं नाही तर मी कसं काढणार?"

"एरवी तू किती पदरचं घालतेस," वन्सं म्हणाल्या. "कुड्या घातल्यास, दूधभात घातलास. लग्नात जिलब्या घातल्यास. एकदा म्हणायचंस, माझी सखी कुठं आहे, बोलवा तिला. तेवढं एक पदरचं घालायचंस."

झोपाळा थांबला. मोठ्या बाईंच्या हातातली सुपारी हातात राहिली.  आजवर मी सासूबाईंना रोज दुपारी दहा शिव्या घालत होते आणि त्यातली एक त्यांना लागली नव्हती. हे मात्र लागलं. त्या मुलीकडे बघत राहिल्या.  मला वाटलं आता गरजतील, आणि मी मनात म्हटलं, गरजू दे, आज मी खरीच खलपुरुष होते की नाही ते बघाच.

पण सासूबाई खोटं बोलायच्या नाहीत, हे मी मघाशी सांगितलं ना.

"नाही आली गं आठवण," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तू आहेस इथंच. दूध बघायला गेली असशील."

वन्संनी पुस्तक मिटलं, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि म्हणाल्या, "मला सावलीला जायचंय, आई."

 सासूबाई झोपाळ्यावरून उतरल्या आणि आत गेल्या. बांनी वन्संच्या पाठीवरून हात फिरवला. मोठ्या बाई उठल्या, अडकित्ता शोधू लागल्या, तो त्यांच्या हातातच होता. चहा मी केला आणि चुलीपुढं बसून रडले. खलपुरुषाला शोभत नाही, पण रडले.

संध्याकाळी मामंजी कचेरीतून आले. सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं की उद्या शिपाई येईल त्याला होय म्हणून सांगा, मुलगी सावलीला जाईल. मामंजी म्हणाले, मी तर केव्हापासून हेच म्हणत होतो. सासूबाईंनी त्यांच्याकडे अशी एक नजर टाकली की ते पगडी खुंटीला लावायला वळले आणि बराच वेळ खुंटीशीच घुटमळले. पुढच्याच सभेत त्यांनी हा प्रसंग असा सांगितला म्हणे, की घरी बायकोनं विरोध केला होता, पण आपण खंबीर राहिलो. टाळ्या पडल्या. आम्ही घरी पोळ्या लाटत होतो.

वन्सं गेल्या त्या सकाळी बैलगाडी दारात उभी. सासूबाईंनी लाडू, चिवडा, लोणचं, खंडेराव मार्केटातून आणवलेली भाजी, जणू सावलीला जमिनीतून काही उगवतच नाही, असं सगळं गाडीत भरलं. मग आत जाऊन स्वतःचा एक शालू आणून बोचक्यात कोंबला. वन्सं म्हणाल्या, आई, हा मला नेसायला चालणार नाही, लोक काय म्हणतील? सासूबाई म्हणाल्या, नेसू नकोस, पांघर. थंडीत कुणी बघत नाही. गाडी वळणाआड गेल्यावर त्या आत आल्या आणि मला म्हणाल्या, सूनबाई, तुझं वरण फार तिखट होतं, पण चालेल मला.

नवी पेटी आली तेव्हा सगळाच घोळ झाला. पुस्तक धरायचं काम माझ्याकडे आलं. पात्रं वाटताना सासूबाई म्हणाल्या, नायिका कुणीही घ्या, मी सखी करते. मोठ्या बाई चपापल्या, कारण मानाची सगळी उतरंडच कोसळली. शेवटी नायिका बांना दिली. त्या दिवसापासून आमच्या कादंबरीतली कोमल राजकन्या अर्धं गुजरातीत प्रेम करू लागली आणि नायकाला जेवूनच पाठवू लागली. सासूबाईंची सखी तर विचारू नका. तिला पदरचा बाप मिळाला, गाव मिळालं, पाठदुखी मिळाली, स्वतःचं मत मिळालं. नायिकेनं वारा घाल म्हटलं की सखी म्हणायची, थांब, मी दमलेय. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मी पान उलटू लागले की सासूबाई माझा हात धरायच्या आणि विचारायच्या, ती आता कुठं आहे ते लिहिलंय का? नसलं लिहिलेलं तर त्या स्वतः सांगत, आणि मगच पान उलटायला देत. माझा खलपुरुष मात्र मी सोडला नाही. तो मी एका हातात पुस्तक धरून केला.

दिवाळीला वन्सं आल्या. उन्हानं रापल्या होत्या आणि आवाज बसला होता, मुलींना पाढे म्हणायला लावून. हसू लागल्या की खरखर यायची. आल्या आल्या सवयीनं दाराशी बसायला गेल्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांना ओढून झोपाळ्यावर बसवलं आणि विचारलं की तुला कोणतं पात्र हवं ते घे. नायिका हवी असली तर बांकडून काढून घेते. वन्सं म्हणाल्या, मला काही नको, मी नुसती ऐकते. आणि झोपाळ्याच्या कडीला डोकं टेकून त्या ऐकू लागल्या.

प्रसंग मोठा बाका होता. नायिका रानात एकटी, मागं वाघ लागलेला, आणि नायक टेकडीवर उभा राहून तिला धीर देणारं लांबलचक भाषण करत होता. मोठ्या बाई अगदी रंगात आल्या होत्या. मी पुढचं वाक्य सांगायला मान वर केली तर वन्संचा डोळा लागलेला, तोंड किंचित उघडं, आणि चांगलं घोरणं सुरू.

"थांबा हो जरा," सासूबाई नायकाला म्हणाल्या, "मुलगी झोपलीय."

नायक थांबला. वाघही थांबला असावा. बांनी राजकन्येचा हांडवो पदराखाली झाकला. आम्ही सगळ्या चिडीचूप बसून राहिलो. आत चुलीवर दूध चढल्याचा आवाज यायला लागला तशी मी उठू लागले. सासूबाईंनी मला खुणेनं खाली बसवलं, झोपाळा हलू नये म्हणून एका हातानं कडी धरली, हळूच खाली उतरल्या आणि स्वतः दूध बघायला गेल्या.